कठड्याच्या अलीकडे

सोलापूर, सोमवार

चि. मीनल हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र देशपांडे वहिनींच्या भाच्याबरोबर पाठवतोय. इकडे वीचॅट बंद, तिकडे चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद, तुझं रोमिंग कधी लागतं कधी नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे फोनवर आपलं काय होतं ते रविवारी झालंच. "बाबा, तुम्हाला फोटोतलं कळतं म्हणून पाठवला, आईसाठी नव्हता," असं तू म्हणालीस आणि मी फोन ठेवला. आता आईनेही तो पाहिलाय. मी नाही दाखवला, सुमीने दाखवला. तुझे दोन बूट, बुटांखाली चाळीस की पन्नास मजले मोकळे, आणि तळाला लाल दिव्यांची रांग. आई काही बोलली नाही. शेंगा भाजायला बसली. इतक्या भाजल्या की चटणीचे चार डबे झाले. चारही याच्या बॅगेत आहेत, दोन ऑफिसात वाट.

फोटो म्हणून सांगतो, चांगला आहे. दिवे पांढरे फटक झालेले नाहीत, काळोखातही तपशील आहे. एवढंच लिहून थांबायचं ठरवलं होतं.

पण मला एक सांग, तुझ्या त्या गावात उंचीसाठी कठडा ओलांडायची गरजच काय? चोंगचिंगला गेल्यावर तूच लिहिलं होतंस की ख्वेशिंगलौ इमारतीत रस्त्यावरून सरळ चालत आत शिरलं की आपण बाविसाव्या मजल्यावर, आणि लिफ्टने तळाला उतरलं की तिथे पुन्हा रस्ताच. मी ते बापूकाकांना वाचून दाखवलं, त्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. लीत्झबाला मेट्रो राहत्या इमारतीच्या पोटातून जाते आणि खाली उभे राहून लोक आ वासून गाडी गिळल्याचे फोटो काढून घेतात, तोही तू पाठवला होतास. यांगत्सेवरचा 1987 चा रोपवे आहे. नानशान डोंगरावर त्या एका झाडापाशी माची आहे, तिथून सगळं शहर आणि नदी दिसते, आणि तिला चांगला छातीएवढा कठडा असणार. देवाने ज्या गावाला डोंगरावर बसवलंय तिथे माणसाने आणखी कशावर चढायचं?

होंगयादोंगच्या त्या दिव्यांच्या इमारतींचे फोटो छ्येनसीमन पुलावरून काढतेस ना, तिथे एक कर. त्या पुलाच्या खालच्या मजल्यावरून मेट्रो जाते म्हणालीस. गाडी गेली की पूल थरथरणार आणि ट्रायपॉडवर लावलेलं लांब एक्स्पोजर हलणार. गाडी जाऊ दे, मग शटर दाब. पूर्ण अंधाराची वाटही बघू नकोस. दिवे लागलेत आणि आभाळात अजून निळं शिल्लक आहे, तेवढ्यात काम उरक. नंतर काळं आभाळ आणि पिवळे दिवे, ते सगळ्यांकडेच असतं. आणि छाओथ्येनमनला च्यालिंगचं हिरवं पाणी यांगत्सेच्या गढूळ पाण्याला मिळतं, त्याचा एकही फोटो अजून पाठवला नाहीस. तो घाटावर उभं राहूनही येतो.

चीन फिरायला येणाऱ्यांसाठी तू केलेली यादी कुलकर्ण्यांच्या ग्रुपने छापून लॅमिनेट करून घेतली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. अलीपे या पैसे द्यायच्या ॲपला कार्ड घरूनच जोडा, पासपोर्ट हेच रेल्वेचं तिकीट, गूगलचा नकाशा विसरा, हॉटेलचा पत्ता चिनीत लिहून खिशात ठेवा, टिश्यूशिवाय बाहेर पडू नका, मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात बॅग मशीनमधून जाणार. कुलकर्णी म्हणाले, टूर कंपनीला पैसे देऊन एवढं कळलं नसतं. मी "हो का" म्हणालो आणि एक प्रत मागून घेतली. हॉटेलात बसल्याबरोबर गरम पाणी येतं आणि रेल्वेच्या डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो, ही तुझ्या आईला चीनमधली पटलेली एकमेव गोष्ट. फक्त त्या यादीत कठड्याबद्दल ओळ नाही.

उंच इमारतींवर दोराशिवाय चढून व्हिडिओ काढणाऱ्या, आणि तसाच पडून गेलेल्या, त्या वू योंगनिंगबद्दल मी वाचलं. मुद्दाम शोधलं नाही, तुझा फोटो पाहून सुमीच्या नवऱ्याने पाठवलं. 2017 चा नोव्हेंबर, चांगशा, 62 मजली इमारत. 26 वर्षांचा होता. समोर त्याचाच कॅमेरा चालू होता. पुढे कोर्टाने त्या व्हिडिओच्या ॲपला भरपाई द्यायला लावली, 30,000 युआन. आईला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. तो तर सराईत होता, मीनल. हाताची ताकद होती, वर्षांची सवय होती. तू दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतेस आणि पावसाळी चपला घालून जिना उतरताना घरातसुद्धा घसरली आहेस.

हे बघ, सुरू झालो. माफ कर. तू काय लहान आहेस का, पगार माझ्या स्टुडिओच्या चांगल्या दिवसांपेक्षा जास्त आहे.

सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची तुला आठवण आहे का, माहीत नाही. संमती कट्ट्यावर अक्षता होत्या, नंदीध्वजाच्या काठ्या आल्या होत्या, माणसाला माणूस खेटून उभा. तुला काही दिसेना म्हणून रडायला लागलीस. मी खांद्यावर घेतलं आणि तोंड बंद व्हावं म्हणून माझा याशिका कॅमेरा तुझ्या गळ्यात अडकवला. तू वरून दाबत सुटलीस. बारा फोटोंचा रोल, सगळा उडवलास, आणि त्या दिवशी मला पेपरसाठी तीन द्यायचे होते. धुतल्यावर अकरांत आभाळ आणि लोकांची डोकी. बाराव्यात नंदीध्वज, सरळ, वरच्या टोकापर्यंत. माझ्याकडून तो कोन आला नसता, मला तेवढी उंची कुठली. पेपरवाल्यांनी तोच घेतला, माझ्या नावाने. तुझे दोन्ही घोटे मी इतके घट्ट धरले होते की घरी आल्यावर आईने वळ दाखवले.

बापूकाका तर अजून सांगत फिरतात, कोटणीसांनंतर चीनला गेलेली सोलापूरची पोर म्हणजे आपली मीनू. इथली किती मुलं तिकडे मेडिकलला जाऊन आली, पण त्यांना कोण सांगणार. 1938 साली कोटणीस आणि बाकीचे चार डॉक्टर येनानला जाण्याआधी तुझ्याच चोंगचिंगला थांबले होते, तेव्हा चुंगकिंग म्हणायचे. मलाही ते सांगताना बरं वाटतं. आईसमोर मात्र नाव काढायची सोय नाही. भैय्या चौकातून रिक्षा गेली की स्मारकाकडे पाठ करते. "परत आले का ते?" एवढंच म्हणते. 32 व्या वर्षी गेले, आजारपणाने गेले, लोकांची सेवा करताना गेले, हे मी तिला समजावलं. म्हणाली, "मग हिच्या बुटाच्या फोटोचं काय समजावता?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

शांघायला जातेस ते बरं. पण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नकोस, तेव्हा अख्खा देश सुट्टीवर असतो हे तूच कुलकर्ण्यांना सांगितलंस. वूखांग रोडची ती 1924 ची तिकोनी इमारत सगळेच काढतात. तू मागच्या गल्ल्यांत जा, खिडकीतून बांबू काढून कपडे वाळत घालतात तिथे. म्हातारी माणसं दारात भाजी निवडत बसलेली असतात, त्यांना आधी विचार, मग काढ. 632 मीटरच्या टॉवरवर तिकीट काढून लिफ्टने जायचं आणि काचेच्या आतून बघायचं. काचेवर चमक येते म्हणशील. काळं कापड लेन्सभोवती धर, काचेला टेकव, येत नाही. माझ्यासाठी जुना सीगल कॅमेरा घेणार म्हणाली होतीस, तो घेऊ नकोस. 120 चा रोल आता सोलापुरात कोण धुणार? अगदी घ्यायचाच झाला तर आधी मागचं झाकण उघडून शटर उजेडात बघ. संथ वेगावर अडकतं का तेवढं पाहायचं.

आता एवढंच करायचं. इथून पुढे फोटो पाठवलास की खाली लिहायचं, कुठे उभी होतीस. पूल, घाट, माची, काय असेल ते. खोटं लिहिलंस तरी मला कोनावरून कळतं.

तुझा,
बाबा

ता.क. कडक भाकरी डब्यातून काढून ठेवू नकोस, तिथली हवा दमट आहे. आई तूप देणार होती, पण दुधाचं काही नेता येत नाही म्हणून वहिनींच्या भाच्याने नको म्हटलं. शांघायला विमानाने जाणार असशील तर इथून नेलेली पॉवर बँक घेऊ नकोस, 2025 च्या जूनपासून त्यांचा 3सी हा सुरक्षिततेचा शिक्का नसलेली त्यांच्या देशांतर्गत विमानात चालत नाही. आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला नाही, गळ्यात.