उसात गांजाचं झाड दिसलं तर
वाळवा, पलूस भागातील सभासदांनो, ऊस डोक्यावर गेलाय. रान वाट्यानं दिलं असलं तरी सऱ्यांतून एक फेरी माराच. बोटांसारखी फाकलेली, करवती कडांची पानं आणि उग्र वास असलेलं झाड दिसलं तर उपटून घरी अजिबात आणू नका; गांजा जवळ बाळगणं हाही गुन्हाच. १ किलोपर्यंत अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक; तिथं किमान १० वर्षं शिक्षा, जामीनही फार अवघड. लागवडीला मात्र वजनाची सूट नाही, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. एनडीपीएस कायदा १९८५ (अमली पदार्थविरोधी कायदा), कलम ४६ नुसार जमीनधारकानं ताबडतोब कळवायचं असतं. माहीत असून गप्प बसणं अंगलट येतं. गट नंबर घालून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, शिक्क्याची पोहोच घ्याच. तोंडी सांगितल्याचा पुरावा राहत नाही.