गाडी उभी, भाडे मात्र चालू

महोदय,
नव्या इलेक्ट्रिक मोटारी कमी मासिक भाड्यात देणाऱ्या योजनांचे स्वागत करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. स्वस्ताईबद्दल वाद नाही. पण गाडी सुरुवातीलाच बिघडली तर जबाबदार कोण, हे लेखात आलेच नाही.

इलेक्ट्रिक गाडीत मुख्य बॅटरीखेरीज बहुधा १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. ती उतरली की मुख्य बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. असे दोष हमीकाळात फुकट दुरुस्त होतात, हे खरे. अडचण वेगळीच आहे. कागदोपत्री मालक असते भाड्याने देणारी कंपनी. विक्रेता तिच्याकडे बोट दाखवतो, ती उत्पादकाकडे. तोवर सांगलीत गाडी वर्कशॉपमध्ये सुट्या भागाची वाट बघत उभी, आणि भाडे मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वजा! (त्या बाबतीत कधी बिघाड होत नाही.)

दुरुस्ती लांबल्यास भाडे माफ आणि पर्यायी गाडी, हे कलम सहीपूर्वीच लेखी घ्यावे. प्रत्येक वेळचे जॉब कार्डही (वर्कशॉपने दिलेला दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) जपावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मोबदला देऊन स्वतःसाठी सेवा घेणाराही ग्राहकच असतो आणि तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. सांगलीकराला त्यासाठी पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

अशा योजनांविषयी पुन्हा लिहिताना भाड्याच्या आकड्याशेजारी दुरुस्तीकाळातील अटही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली