बागेतल्या मावशींना, सावरीखालच्या कोपऱ्यासाठी

मावशी,

सावरीच्या झाडाखालचा कोपरा तुम्ही गेले काही आठवडे सगळ्यात शेवटी झाडता, आमच्या बालवाडीतली मुलं येऊन गेल्यावर. बाग वेळेत स्वच्छ दिसली नाही तर बोलणी तुम्हालाच खावी लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे आभार सगळ्यांच्या देखत मानते. पुण्यातल्या आणखी बागांत कुणीतरी असा एक कोपरा मुलांसाठी राखावा, असंही मनापासून वाटतं.

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांत वसंत म्हणजे वितळणारं बर्फ आणि ट्यूलिपची फुलं. आपल्याकडे तो उघड्याबोडक्या फांद्यांवर येतो, तोही पंचांगातला चैत्र उजाडायच्या कितीतरी आधी. फेब्रुवारीत सावरीवर एक पान उरलेलं नसतं आणि लालभडक फुलं उमलायला लागतात. पण एवढं उंच झाड चार वर्षांच्या मुलाच्या नजरेत मावत नाही. त्याला वसंत सापडतो तो जमिनीवर, आणि तोच नेमका रोज सकाळी खराट्याने गोळा होऊन जातो. तुम्ही तो राहू दिलात.

सावरीचं फूल पाकळी पाकळीने झडत नाही, अख्खं खाली येतं. मुलांनी ते हातात तोलून पाहिलं, जाड पाकळ्या गालाला लावल्या. पाच पाकळ्या, म्हणजे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. मधल्या पुंकेसरांपाशी मात्र सगळ्यांचीच मोजणी चुकली आणि पुन्हा पुन्हा सुरू झाली. मग कुणीतरी वर पाहिलं. मैना, बुलबुल, कावळे, एवढासा शिंजीर, सगळे मकरंदासाठी जमलेले. त्यांच्या डोक्याला, चोचीला पराग लागतो आणि पुढच्या झाडावर पोचतो, हे मी सांगितलं खरं, पण मुलांचं लक्ष कावळ्याच्या पिवळ्या झालेल्या चोचीकडे होतं. तेही बरोबरच होतं.

एका मुलीने विचारलं होतं, "हे झाड आजारी आहे का?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "नाय गं, फुलायचंय म्हणून पानं उतरवून ठेवलीत त्यानं." त्यानंतर मुलं रस्त्यातल्या प्रत्येक निष्पर्ण झाडापाशी थांबून वर बघतात. पांगारा त्यांना असाच सापडला.

कुंपणापाशी वाढलेल्या लहान सावरीचे काटे तुम्ही एकेकाला एका बोटाने हात लावून दाखवलेत. कोवळ्या झाडाला गुरं-शेरडं खातात म्हणून ते अंगभर काटे घेऊन वाढतं, आणि तीच शेरडं खाली पडलेली फुलं मिटक्या मारत खातात, हे तुम्ही सांगितलंत ते माझ्या कुठल्याही पुस्तकात इतकं नीट नव्हतं. भोरकडे लहानपणी शेरडं राखलेल्या माणसाकडूनच ते कळायचं.

आणि पळसाची फुलं! गावाहून येताना आठवणीने पिशवीभर आणलीत. रात्रभर भिजवली, सकाळी उकळली, केशरी-पिवळं पाणी निघालं. रंगपंचमीला आमच्याकडे दुसरा कुठलाच रंग नव्हता, आणि डोळ्यांत गेलं म्हणून कुणी रडलंही नाही.

पिंपळाला आता तांबूस पालवी फुटली आहे, कोकीळ पहाटेपासून ओरडतो, आंब्याच्या मोहरात बारीक कैऱ्या दिसू लागल्या आहेत. हे सगळं हल्ली मुलंच मला दाखवतात.

एक विनंती. सावरीची बोंडं तडकायला लागली की आम्हाला हाक मारा, कापूस उडून जायच्या आत यायचं आहे. तुमच्या आईच्या उशीची गोष्ट ऐकल्यापासून मुलांना सावरीच्या कापसाची उशी करायची आहे. खोळ शिवून तयार आहे. बिया कशा काढायच्या, ते तुम्हीच शिकवा.

तुमची,
बालवाडीतली ताई