नळीत मावणारे खेळणे लहानग्याला नको

मा. संपादक,

महोदय,

नाताळ जवळ आला की सावंतवाडीच्या चितार आळीत, वेंगुर्ले-मालवणच्या बाजारात आणि गावोगावच्या जत्रेतल्या दुकानांत खेळण्यांची खरेदी वाढते. मुंबईहून येणारे काका-मामा, धर्ममाता-धर्मपिताही पिशवीत काहीतरी घेऊनच गाडीतून उतरतात. यातली बरीच खेळणी एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी असतात आणि हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालायची, असे हे वय. खोक्यावर छापलेले वय आणि दुकानदाराचे ‘चालेल हो’ एवढ्यावर ही खरेदी होऊ नये, म्हणून हे पत्र.

१ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हासोबत ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. ते खोक्यावरच्या नावाशी जुळत नसेल तर वस्तू तिथेच ठेवावी. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. ही सूट योग्यच आहे, कारण पडवीत काम करणाऱ्या कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही. पण त्यामुळे सावंतवाडीचे लाकडी खेळणे तपासायची जबाबदारी दुकानदारावर येते आणि त्याच्यानंतर आपल्यावर.

ही तपासणी अवघड नाही. आयएस ९८७३ या भारतीय मानकात तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी सांगितली आहे; तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू लहानग्याच्या घशात अडकू शकते. तिचा तळ तिरका असून खोली एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते. घरी करायची तर जाड कार्डशीटची ११ सेंमी लांब आणि ५.७ सेंमी रुंद पट्टी कापावी आणि टोके एकमेकांवर एक सेंमी चढवून चिकटवावीत. दहा सेंमी घेराची, आतून सुमारे ३.२ सेंमी व्यासाची नळी तयार होते. ती टेबलावर उभी धरून खेळणे, आणि त्याचा निघू शकेल असा प्रत्येक भाग, आडवा-उभा फिरवून आत सोडून पाहावा. न दाबता पूर्ण आत गेला तर ते खेळणे या वयाचे नाही. घरची नळी सपाट तळाची असल्याने मानकापेक्षा थोडी कडकच ठरते, ते चांगलेच. चेंडूला मात्र ही नळी पुरत नाही. गोल वस्तू घशात बसली की हवेला कडेनेही वाट उरत नाही, म्हणून चेंडू साडेचार सेंमीपेक्षा मोठाच हवा.

आता सावंतवाडीच्या लाकडी फळांकडे वळू. आंबा, पपई, केळे नळीत जात नाहीत, ती घ्यावीत. लिंबू, आवळा, सुपारी शोकेसमध्ये ठेवायला सुंदर, पण रांगत्या मुलाच्या टोपलीत नकोत. मोठ्या फळातही खरा धोका देठाचा. तो बहुतेक वेळा वेगळा कातून भोकात डिंकाने बसवलेला असतो, आणि लाळेने डिंक सुटतो. मानकातल्या कसोटीत असा भाग सुमारे सात किलोच्या ओढीला टिकावा लागतो. फडक्याने धरून पिळत ओढला आणि किंचित जरी हलला, तरी ते फळ परत द्यावे. भातुकलीचेही तसेच. झाकणावरच्या गुंड्या, पळ्या, वाट्या नळीत सहज जातात. भातुकली तीन वर्षांनंतरची, असे निक्षून सांगणारा दुकानदार हवा.

रंग लाखेचा आहे की ऑइल पेंट, हे कारागिराला थेट विचारावे. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून माळ्यावरून उतरवलेले त्याआधीचे रंगीत खेळणे, घराण्याची आठवण असले तरी, बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये. नव्या खेळण्यावर ओले पांढरे सुती फडके वीसेक वेळा जोर देऊन घासावे. फडक्याला रंग लागला, तर तो लाळेतही उतरणार. लाखेचे खेळणे उकळत्या पाण्यात घालू नये, लाख उष्णतेने मऊ पडते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे पुरेसे. पांगाऱ्याचे लाकूड हलके असते, फेकले तरी लागत नाही, म्हणून या वयाला ते उत्तम. पण ते मऊ असल्याने दातांचे व्रण उठतात आणि कीडही लवकर लागते. खेळण्याखाली बारीक भुसा दिसला तर ते लगेच बाजूला काढावे.

पांगुळगाडा ही नुकत्या उभ्या राहणाऱ्या मुलासाठी आपल्याकडची सर्वात चांगली भेट. बसवून पळवायच्या वॉकरपेक्षा तो कितीतरी बरा. वॉकरमध्ये मूल पायांत बळ येण्याआधीच वेगाने सरकते आणि ओट्याच्या पायरीवरून खाली जाते. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली. पांगुळगाड्याचा दांडा मुलाच्या छातीच्या उंचीला यावा आणि दांड्यावर भार दिला तरी गाडा मागे उलटू नये. सारवलेल्या अंगणासाठी बनलेला हा गाडा टाइल्सवर फार वेगाने पळतो. तिन्ही चाकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट बसवली की तो आवरता येतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. गाणारे शुभेच्छापत्र, लुकलुकणारी सांताची टोपी, बॅटरीची मेणबत्ती, जत्रेतली चमकणारी अंगठी या सगळ्यांत बटणासारखा सेल असू शकतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही खोल भाजते. दुर्बिणीने सेल काढण्याची सोय आपल्याकडे अनेक गावांपासून लांब आहे, हे दोन तास रस्त्यातच जाऊ शकतात. म्हणून स्क्रूने बंद होणारे झाकण नसेल तर अशी वस्तू मुलासाठी घेऊच नये. सेल गिळल्याची शंका आली तरी लगेच १०८ ला फोन करावा आणि उलटी करवू नये. मूल एक वर्षावरचे असेल, गिळताना त्रास नसेल आणि बारा तास उलटले नसतील, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलि मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नये. एकाहून अधिक लोहचुंबक गिळले तर ते आतड्यांच्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात आणि भोक पाडतात. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटातही फुगतात. फुगेही नकोत. आणि कुसवाराच्या, म्हणजे नाताळच्या फराळाच्या, तबकातले अख्खे काजूगर, शेंगदाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नयेत.

आपल्या खाऱ्या, दमट हवेचाही विचार करावा. बॅटरीच्या स्प्रिंगा हिरव्या पडतात, केसाळ अस्वलाच्या आत पावसाळ्यात बुरशी धरते, लाकडी कोड्याचे तुकडे फुगून खाचेत अडकतात. धुता येणारी कापडी बाहुली, शिवणकामाने केलेल्या डोळ्यांची, जास्त टिकते.

किती द्यावे? अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३६ लहान मुलांचा खेळ पाहिला. सोळा खेळण्यांपेक्षा चारच समोर असताना मुले प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. दीड वर्षाचे मूल तीन-चार ठोकळे रचते, दोन वर्षांचे सहा. म्हणजे चार सेंमी बाजूचे आठ-दहा ठोकळे पुष्कळ झाले. नातेवाइकांची जास्तीची भेट तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीला उघडावी.

आणि पैसे न खर्चता द्यायचे तर लहान-मोठ्या तीन करवंट्या घ्याव्यात. डोळ्यांची बाजू टाळावी, कारण मऊ डोळ्याच्या भोकात बोट अडकते. काथ्या खरवडून ८०, १५० आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने आतून-बाहेरून, विशेषतः काठ, गुळगुळीत करावेत आणि खोबरेल चोळून दोन दिवस सुकवावे. एकात एक बसवायला, भरायला, ओतायला एक-दीड वर्षाच्या मुलाला याहून चांगले खेळणे नाही.

कारागिरांना विनंती, की देठ अखंड लाकडातच कातलेली फळे आणि दीडपट मोठी भातुकली बनवावी आणि सोबत रंगाचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी द्यावी. दुकानदारांनी तीन वर्षांखालच्या मुलांची फळी वेगळी करून एक नळी गल्ल्यावर ठेवावी. आणि संपादक महोदय, आपण ११ बाय ५.७ सेंमीची पट्टी मूळ मापात आपल्या पानावर छापावी, म्हणजे वाचकांना ती कापून कार्डशीटवर चिकटवता येईल.

– एक बालवाडी शिक्षिका, वेंगुर्ले