जुन्या धनुष्याला दोरी चढवण्याआधी

महोदय,

खंडेनवमीला माळ्यावरचे जुने धनुष्य खाली येते, त्याची पूजा होते आणि घरातले लेकरू म्हणते, ‘बाबा, याला दोरी लावून द्या ना.’ कुणी हौसेने जुन्या बाजारातून एखादे उचलून आणते. २०२३ साली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये विश्वविजेते झाले. मुलांनी असा हट्ट धरला तर त्यात आनंदच आहे. मात्र ते दोघे खेळतात ते चाकांचे कम्पाउंड धनुष्य. त्याची दोरी प्रेसशिवाय, म्हणजे धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्राशिवाय, बदलता येत नाही, घरी त्याला हात लावू नये. माळ्यावर सापडते ते बहुधा टोके पुढे वळलेले रिकर्व्ह. त्याची दोरी घरी बदलता येते, पण पुष्कळ पालक सुरुवात दोरीपासून करतात, तिथेच चूक होते.

आधी खालच्या लिम्बवरचा, म्हणजे वाकणाऱ्या पात्यावरचा, आकडा वाचा. ‘६२ इंच, ३० पौंड’ असे काही लिहिलेले असते. हे पौंड म्हणजे दोरी २८ इंच खेचून धरायला लागणारा जोर. मुलाची खेच, म्हणजे तो दोरी किती इंच ओढतो ते, काढायला दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजा आणि अडीचने भागा. ५५ इंच भरले तर खेच २२. तेवढ्या खेचेवर ३० पौंडी धनुष्य साधारण १८ ते २० पौंड लागते, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तेही जड आहे. त्या वयाला १० ते १५ पौंड पुरेत. पूर्ण खेचून दहा सेकंद न थरथरता, कंबरेतून मागे न झुकता धरता आले, तरच ते धनुष्य त्याचे. आकडा पुसला असेल तर लगेज तोलायचा हूक-काटा दोरीला अडकवून मोजता येते. पण हे दोरी चढवल्यानंतरचे काम, आणि दोरी चढवण्याआधी तपासणी हवी.

कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही कडांवरून फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे फायबरग्लासला चीर आहे किंवा थर सुटू लागला आहे. वरच्या लाखेवरच्या केसासारख्या रेषा वेगळ्या. त्या नखाला लागत नाहीत आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतात. थर सुटलेले लिम्ब घरी गोंदाने चिकटवून मुलाच्या हाती देऊ नये. ते धनुष्य पूजेपुरतेच ठेवावे.

दोरीची लांबी धनुष्याच्या लिहिलेल्या लांबीपेक्षा तीन-चार इंच कमी लागते. दुकानात मात्र दोरीची नव्हे, धनुष्याची लांबी सांगायची. जुन्या धनुष्याला डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याचीच दोरी घ्या. फास्ट फ्लाइट जातीच्या नव्या दोऱ्या जवळजवळ ताणत नाहीत, त्यामुळे बाण सुटल्यावरचा सगळा झटका टोकांवर येतो. जुन्या लिम्बची टोके त्यासाठी मजबूत केलेली नसतात, दोरी बसायची खाच चिरत जाते. २५ पौंडांच्या आतल्या धनुष्याला आठ पदरी डॅक्रॉन पुरते. बाणाचा नॉक, म्हणजे दोरीवर बसणारी मागची खोबण, ढिला बसत असेल तर दहा पदरी घ्यावी. नायलॉनची दोरी, सुतळी, मासेमारीची तंगूस गाठ मारून बांधणे साफ चूक आहे. गाठ सरकते, आणि दोरी ऐन खेचेत तुटली की सगळी ताकद लिम्बमध्येच परत शिरते. बाण न लावता दोरी सोडल्यावरही हेच होते, म्हणून रिकामी दोरी कधीच सोडू नये.

आता सगळ्यात घातक चूक. दोरी नसलेले रिकर्व्ह आधीच अर्धचंद्रासारखे दिसते आणि नवखा माणूस त्याच वाकाला दोरी लावतो. ही उलटी चढवणी. जी बाजू ताण सोसायला केलेली, तिच्यावर दाब येतो, आणि एक-दोन खेचांत लिम्ब मोडते. मूठ धरून समोर पाहिले असता टोके लक्ष्याकडे वळलेली हवीत. दोरी नीट चढली की टोकाजवळ ती लिम्बला चिकटून बसते.

मांडीत अडकवून धनुष्य वाकवू नका, लिम्ब पिळते. स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायला धनुष्य वाकवणारी मदतीची दोरी, वापरा. दोरीचा मोठा फास वरच्या लिम्बवर सरकवून ठेवा, लहान फास खालच्या खाचेत बसवा. स्ट्रिंगरची पिशवी खालच्या टोकाला घाला, दुसरे टोक वरच्या लिम्बवर फासाच्या आतल्या बाजूला टेकवा. दोऱ्या जमिनीकडे, लिम्बची टोके आभाळाकडे. स्ट्रिंगरवर दोन्ही पाय रोवून मूठ सरळ वर उचला आणि मोकळ्या हाताने मोठा फास खाचेत सरकवा. मूठ सावकाश खाली आणा, मध्येच एका हाताने सोडू नका. चेहरा लिम्बवर झुकलेला नसावा, मूल चार पावले दूर असावे. मग मागून पाहा: दोरी दोन्ही लिम्ब बरोबर मधोमध दुभागते का? एका बाजूला पळत असेल तर लिम्ब पिळले आहे.

मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर म्हणजे ब्रेसिंग हाइट. ५४ इंची धनुष्याला ते साधारण सात इंच, ६२ इंचीला आठच्या आसपास. कमी असेल तर दोरी मनगटावर फटके देते आणि मूल दुसऱ्या दिवशी धनुष्याला हात लावत नाही. दोरी उतरवून एक फास काढा, मधल्या सर्व्हिंगच्या, म्हणजे दोरीवर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्याच्या, दिशेने पीळ द्या. दोरी आखडते, अंतर वाढते. नवी डॅक्रॉन पहिल्या पन्नासेक बाणांत ताणते, म्हणून पुन्हा मोजा. दोरीवरची नॉकची खूण, बाण दोरीशी काटकोन करतो त्या जागेच्या सहा ते नऊ मिलिमीटर वर, पितळी कडीऐवजी दोऱ्याने बांधलेली. बोटांना ती सोसते. बाण खेचेपेक्षा किमान दोन इंच लांब हवा, नाहीतर टोक मुठीमागे येऊन हातात घुसते.

क्रीडासाहित्य विकणाऱ्यांना कळकळीची विनंती: धनुष्याची लांबी, पौंड आणि वय विचारल्याशिवाय मुलासाठी दोरी देऊ नका, आणि दोरीबरोबर स्ट्रिंगर घ्यायला लावा. पालकांनीही सोसायटीचे पार्किंग, गच्ची किंवा वेताळ टेकडी हे मैदान समजू नये. २० पौंडी धनुष्याचा चुकलेला बाणही शंभर मीटरच्या आसपास जातो, आणि टेकडीवर सकाळ-संध्याकाळ माणसे फिरत असतात.

सराव संपला की दोरी उतरवा, सर्व्हिंग सोडून बाकी दोरीला मेण चोळा. धनुष्य भिंतीला तिरपे टेकवू नका, दोन खुंट्यांवर आडवे ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. थरांमधला गोंद तापून सुटतो.

— एक धनुर्विद्या प्रशिक्षक, कोथरूड, पुणे