तुझं नाव अपाला

चि. अपालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, शब्दकोशात पाहिलं. अपाला म्हणजे जिला राखणारं कोणी नाही ती. असं नाव का ठेवलंस?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

अर्थ तू बरोबर शोधलास. 'पाल्' म्हणजे राखणं, सांभाळणं. गोपाळ, भूपाळ, आपलं रोजचं 'पाळणं', सगळं त्यातलंच. बारशाच्या आधी तुझ्या आजीनेही हीच हरकत घेतली होती. शाळेत पोरं पालापाचोळा म्हणून चिडवायची, हजेरीपटावर तुझं अपर्णा झालं होतं आणि तू रडत घरी आली होतीस, तेही मी विसरलेले नाही.

पण मला हे नाव भेटलं ते ऋग्वेदात. आठव्या मंडलातलं ९१वं सूक्त, जेमतेम ७ ऋचांचं. परंपरा त्याची ऋषिका म्हणून अपाला आत्रेयीचं, म्हणजे अत्रिकुळातल्या अपालेचं नाव सांगते. एक मुलगी पाण्याकडे निघाली आहे. वाटेत तिला सोमवल्ली सापडते. ती घरी नेता नेता म्हणते, इंद्रासाठी तुला पिळीन. सोम कुटायला दगड लागतात, पुरोहित लागतात. तिच्याजवळ यातलं काही नाही, म्हणून ती तो दातांनी चावून रस काढते. आणि त्या रसालाच सांगते, 'शनैरिव शनकैरिव', हळू, अगदी हळूहळू वाहा. तू पोटात होतीस तेव्हा हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा म्हणायचे.

मग ती इंद्राकडे मागते. तीन जागी उगवू दे म्हणते: वडिलांचं डोकं, त्यांचं शेत आणि माझं शरीर. शेताला तिथे 'उर्वरा' म्हटलंय, पिकाची जमीन. टक्कल पडलेला बाप, ओसाड शेत आणि अजून वयात न आलेली ती स्वतः. मागण्याचा हा क्रम वाचून मी थांबले होते. स्वतःचं ती शेवटी मागते, पण मागायला लाजत नाही. तिच्या वतीने बोलणारं तिथे दुसरं कोणीच नाही.

शेवटच्या ऋचेत इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रातून तीनदा काढून शुद्ध करतो, 'सूर्यत्वच्' करतो, सूर्यासारख्या कांतीची. नंतरच्या ग्रंथांनी यावर गोष्ट रचली: तिला त्वचारोग होता, नवऱ्याने टाकलं होतं, उतरलेल्या कातडीची साळिंदर, घोरपड आणि सरडा झाली. नवऱ्याशी बिनसल्याची खूण सूक्तातही आहे, रोगाचं नाव मात्र नाही. मला ती बिचारी अपाला कधीच आवडली नाही. तुझं नाव मी दातांनी सोम पिळणाऱ्या मुलीवरून ठेवलं.

नाव बदलायचा अर्ज आणलास म्हणालीस. तू सज्ञान आहेस, मी आड येणार नाही. फक्त त्यावर सही करण्याआधी त्या ७ ऋचा एकदा मोठ्याने वाच. रविवारी फोन करशील तेव्हा तिसरी मला म्हणून दाखव.

तुझी,
आई