शेपूट कापलेल्या पिल्लांच्या जाहिराती छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या अंकात छोट्या जाहिरातींच्या रकान्यात एक जाहिरात वाचली. डॉबरमॅनची पिल्लं विकणे आहेत, शेपूट कापून झालेलं, बागेच्या राखणीला उत्तम. आमच्या देवगड तालुक्यात कलमांना मोहोर यायला लागलाय. महिन्या-दोन महिन्यांत बागांमधून राखण बसेल. त्यामुळे ही जाहिरात नेमकी याच दिवसांत का आली ते मला कळतं, मीही बागायतदार आहे. पण कलमांच्या जाहिरातीत 'तीन वर्षांची, जोमदार' असं छापावं तसं ते 'शेपूट कापून झालेलं' छापलं होतं. म्हणजे ती त्या पिल्लांची जमेची बाजू. ते मला फार लागलं, म्हणून हे पत्र.

मी सात-आठ वर्षांची असेन. आमच्या खळ्याच्या कडेला कुत्री व्यायली होती. शेजारचे आजोबा कोयती घेऊन आले. पिल्लाची शेपटी कापली की कुत्रा तिखट होतो अशी तेव्हा आमच्या वाडीत समजूत होती. पायरीशी फणसाचा ओंडका होता आणि पिल्लू माझ्या हातात. 'घट धर गो बाय, सोडू नको.' मी घट्ट धरलं. कोयतीचा आवाज अगदीच बारीक आला, भेंडी चिरावी एवढा. पिल्लाचं किंचाळणं मात्र कानाआधी माझ्या तळहातांना कळलं, सगळं अंग थरथरत होतं त्याचं. कापलेलं टोक ओंडक्यावर क्षणभर वळवळलं. आजोबांनी जखमेवर चुलीतली राख दाबली आणि पुढचं पिल्लू मागितलं. अशी तीन पिल्लं मी धरून दिली. रात्रभर कुत्री त्यांना चाटत राहिली, राख चाटून जायची आणि रक्त पुन्हा यायचं. आजोबा काही निर्दय नव्हते. गाय अडली तर रात्रभर गोठ्यात बसून राहणारा माणूस. त्यांना मनापासून वाटायचं की हे करायचंच असतं. त्या तिघांतला एक कुत्रा पुढे बारा वर्षं आमच्याकडे राहिला. तो तिखट वगैरे काही झाला नाही. पाठीमागून कोणी हात लावला की मात्र दचकून बाजूला व्हायचा.

अशा समजुती आपल्याकडेच आहेत असं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लोकांत, शेपटीचं टोक तोडलं की कुत्रा पिसाळत नाही असं मानत. आज रेबीज विषाणूने होतो आणि त्यावर लस आहे हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. डॉबरमॅनचं तर त्याहून अलीकडचं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आपोल्डा गावी कर गोळा करणाऱ्या डॉबरमान नावाच्या गृहस्थाने सोबतीला आणि रक्षणाला म्हणून ही जात घडवली. अंगावर येणाऱ्या माणसाच्या हाती शेपूट लागू नये म्हणून ते कापायचं, असं कारण सांगतात. आज त्याच जर्मनीत असं शेपूट कापायला १९९८ पासून बंदी आहे, शिकारी कुत्र्यांची तेवढी सूट आहे. तिथले डॉबरमॅन शेपटीसकट हिंडतात, राखणही करतात. स्वीडनने ही बंदी १९८९ मध्ये घातली, तर इंग्लंडमध्ये २००७ पासून कामाच्या काही कुत्र्यांचा अपवाद ठेवून ती लागू झाली.

आता शेपूट म्हणजे काय ते बघू. पाठीच्या कण्याचाच तो शेवटचा भाग. जातीप्रमाणे सहापासून तेवीसपर्यंत मणके, त्यांना धरून स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना हे सगळं कात्रीने छाटतात, नाहीतर घट्ट रबर बांधून सुकवून पाडतात. बहुतेक वेळा भूल दिलेली नसते. तेव्हा त्याचे डोळेही उघडलेले नसतात. एवढ्या लहानपणी त्यांना काही कळत नाही, असं विकणारे सांगतात. ऑस्ट्रेलियात अशा पन्नास पिल्लांचं निरीक्षण झालं, ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. कापताना पिल्लं सरासरी चोवीस वेळा किंचाळली. नंतर दोन-तीन मिनिटांत ती शांत झाली हेही त्यात आहे, आणि विकणारे तेवढंच सांगतात. आजोबांच्या ओंडक्यावरची पिल्लंही थोड्या वेळाने आईच्या कुशीत गप्प झाली होती. गप्प झाली म्हणजे दुखलं नव्हतं, असं ज्याने ते पिल्लू हातात धरलंय तो कधीच म्हणणार नाही.

दुखणं तिथेच संपतं असंही नाही. माझ्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी मे महिन्यात शहरातल्या एका विक्रेत्याकडून डॉबरमॅनचं पिल्लू आणलं. जेमतेम पाच आठवड्यांचं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नंतर कळलं. शेपूट तोवर शाबूत होतं. 'कापून देऊ की तसंच नेता?' असं विक्रेत्याने विचारलं आणि हा 'कापून द्या' म्हणाला. तिथल्याच माणसाने कापलं, तो डॉक्टरही नव्हता. मी रागावले तर मला म्हणतो, 'काकी, डॉबरमॅन असोच आसता.' त्याला वाटत होतं की जन्मतःच ते तसं असतं, थोडं जास्तीचं राहिलंय ते नीट करून दिलं.

जूनमध्ये पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस आणि उघडी जखम यांचं काय होतं ते गुरं पाळणाऱ्याला सांगायला नको. आठ दिवसांत जखम चिघळली, माशा बसायला लागल्या आणि एका सकाळी पिल्लाच्या बुडख्याशी किडे वळवळताना दिसले. पडवीत पोतं अंथरून त्याला आडवं धरलं. पुन्हा धरायला मीच. डॉक्टरांनी एकेक किडा चिमट्याने काढला, मग भूल देऊन वरचा आणखी एक मणका काढावा लागला. याला बरं होणं म्हणायचं. कुत्रा आज चार वर्षांचा आहे, अंगाने दणकट आहे. पण त्या बुडख्याला चुकून गवताची काडी लागली तरी गर्रकन वळून स्वतःलाच चावायला जातो. कापलेल्या मज्जातंतूच्या टोकाशी गाठ धरते आणि ती दुखत राहते, असं डॉक्टरांनी समजावलं.

दुसरी गोष्ट मी रोज संध्याकाळी बघते. पुतण्या त्याला तिठ्यावर नेतो. तिथे दुकानापुढे चार-पाच गावठी कुत्री असतात. एरवी नवं कुत्रं आलं की दोघं थांबतात, शेपट्या वर होतात, हळूहळू खाली येतात, हलायला लागतात, मग हुंगाहुंगी. सगळं बोलणं शेपटीनेच चालतं. आपल्या भाषेलाही ते माहीत आहे, घाबरणाऱ्याला आपण शेपूट घातलं म्हणतो आणि लाचारी करणाऱ्याला शेपूट हलवतो म्हणतो. हा डॉबरमॅन बुडखा हलवत जातो. मागून मला दिसतं की तो आनंदाने जातोय. समोरच्यांना मात्र फक्त रुंद छाती आणि अंगावर येणारं काळं धूड दिसतं. दोनदा चांगलीच जुंपली, एकदा याचा कान फाटला. कॅनडात २००८ च्या सुमारास संशोधकांनी कुत्र्याएवढं यंत्र करून त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावून पाहिलं. लांब शेपूट हलत असताना खरी कुत्री मोकळेपणाने जवळ आली, आखूड शेपटीचं हलणं आणि न हलणं त्यांना वेगळं ओळखता आलं नाही. तिठ्यावर मी जे बघते ते हेच.

बागेत काटेकुटे, कातळ, झुडपं, शेपटीला इजा होते, म्हणून कापलेली बरी, असं आमचे काही बागायतदार म्हणतात. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण ब्रिटनमध्ये सव्वा लाखावर कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये जे मांडलं गेलं त्यावरून, एका कुत्र्याची शेपटीची इजा टाळायला सुमारे पाचशे पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील असा हिशेब निघतो. पुढेमागे एखाद्याची शेपटी गाडीखाली चेंगरली तर डॉक्टर ती भूल देऊन काढतीलच, त्याला कोणी नाही म्हणत नाही. आणि राखणीचं म्हणाल तर आमच्या मांगरावर, म्हणजे बागेतल्या खोपटावर, आजवर जी कुत्री झाली, ती सगळी झुपकेदार वाकड्या शेपटीची गावठी. वानर हाकलणं असो, रानडुकराची चाहूल असो की रात्री बागेत शिरलेला माणूस, ती भुंकल्याशिवाय राहिली नाहीत. चोर कुत्र्याच्या आवाजाला आणि दाताला घाबरतो, शेपटी किती आहे ते बघत थांबत नाही.

माझ्या दिरांनी मला विचारलं, बैलाला वेसण घालतो, खच्ची करतो, नगरपालिका सोडलेल्या कुत्र्यांचे कान कापते, तेव्हा तू पत्र लिहिलंस का? प्रश्न रास्त आहे. कानाचं आधी सांगते. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला खाच करतात ती शस्त्रक्रियेच्या वेळी, तो भुलीत असताना, आणि ती बघून पुन्हा त्याला पकडून फाडू नये म्हणून. त्यात कुत्र्याचंच हित आहे. वेसणीबद्दल मी एवढी ठाम नाही. नाकात दोर ओवताना वासरू कसं करतं ते मी पाहिलंय. पण चारशे किलोच्या बैलाबरोबर चिखलात उतरणाऱ्या माणसाचा जीव त्या दोरीवर असतो. शेपूट कापण्यात कोणाचा जीव वाचतो? कुत्रा रुबाबदार दिसावा, फोटोत असतो तसा दिसावा, याखेरीज त्यातून मालकाला काही मिळत नाही, आणि कुत्र्याला तर काहीच नाही.

कायद्यातही हा फरक आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं गुन्हा आहे. त्याच कलमात शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं आणि वेसण यांना ठरवून दिलेल्या पद्धतीने केल्यास सूट दिली आहे. शेपटीचं नाव त्या यादीत नाही. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये. हंगामाच्या सुरुवातीला पन्नास रुपयांत आमच्याकडे एक चांगला हापूस येत नाही. कित्येक वर्षांपूर्वीचा हा आकडा बदलायला हवा, आपण त्यावर लिहावं.

पण दंड वाढेपर्यंत थांबायची गरज नाही. माझ्या पुतण्याने 'तसंच द्या' म्हटलं असतं तर ते शेपूट आज जागेवर असतं. इतकं साधं आहे. गिऱ्हाईक मागतो म्हणून कापतात. डॉबरमॅन, रॉटवायलर, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल, यातलं कुठलंही पिल्लू घ्यायला जाणाऱ्याने जन्माच्या आठवड्यातच विक्रेत्याला फोन करून सांगावं, शेपूट ठेवा, मी त्याच किमतीला घेतो. चार जणांनी असं सांगितलं तर पाचव्या वेळी कात्री काढायच्या आधी तो विचार करील. आणि आपण, संपादक महाराज, अशा ओळी जाहिरातीतून काढायला सांगाव्यात, काढत नसतील तर जाहिरात नाकारावी. रकान्याचे थोडे पैसे बुडतील, पण आमच्यासारख्या घरांत आपला पेपर बघून पिल्लू आणायला जाणारा माणूस ती ओळ वाचूनच 'असंच असतं' असं धरून चालतो.

गेल्या मंगळवारी आमच्या मांगरावर कुत्री व्याली. चार पिल्लं आहेत, दोन तांबडी, एक काळं, एक ठिपक्यांचं. पलीकडच्या वाडीतून दोघांनी राखणीला मागितली आहेत. त्यातला एक कोयती घेऊनच आला होता. त्याला चहा दिला, जवळ बसवून ओंडक्याची गोष्ट सांगितली. जाताना म्हणाला, 'मगे काळो माका दी, शेपडी आसा तशीच ऱ्हवांदे.' दोन महिन्यांनी येऊन घेऊन जा म्हटलंय.

आपली,
एक आंबा बागायतदार
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग